गाठी जातात, कापड येतं

बडनेऱ्याकडून अमरावतीत शिरणारी रेल्वे राजापेठेत शहराचा मोठा रस्ता कापते. फाटक पडलं की दोन्ही अंगांना सायकली, रिक्षा, हातगाड्या आणि मोटारसायकलींची रांग लागायची, आणि गाडी निघून गेल्यावर सगळे एकदमच पुढे घुसायचे. आता वरून पूल गेला आहे. तरी पत्ता सांगताना जुनी माणसं ‘फाटकापाशी’ असंच म्हणतात.

या रुळांची एक गंमत आहे. मुंबई–नागपूर या मुख्य मार्गावरून ते बडनेऱ्याला फुटतात, दहाएक किलोमीटर येतात आणि अमरावती स्थानकात संपतात. पुढे वाट नाही. १८७१मध्ये हा फाटा सुरू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी जलंबहून खामगावला असाच एक छोटा फाटा गेला होता. एवढ्याशा अंतरासाठी सरकारनं स्वतंत्र लोहमार्ग टाकावा, इतकी माणसांच्या प्रवासाची काळजी त्या काळात कुणाला नव्हती. काळजी होती ती कापसाची. बैलबंड्यांनी गावात आलेला कापूस लवकरात लवकर मुंबईच्या गोदीत पोचावा, यासाठी हे रूळ आले.

वाढीची केंद्रं म्हटलं की आपल्याला मुंबई, पुणे, बंगळुरू, हैदराबाद आठवतात. पण पुढच्या काळात गुंतवणूक कुठे जाणार याची चर्चा आता पाच-दहा लाख वस्तीच्या शहरांपर्यंत आली आहे. २०११च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या ६,४७,०५७ होती. शेजारचं अकोला सव्वाचार लाखांवर होतं. अशी शहरं खरोखर कशानं वाढतात? रस्त्यानं, विमानतळानं, कारखान्यानं की आणखी कशानं? हा प्रश्न राजापेठेच्या फाटकावर उभं राहून विचारला तर उत्तर दीडशे वर्षांच्या हिशेबात सापडतं.

लिव्हरपूलच्या बाजारातलं नाव

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या लिव्हरपूल बंदरात कापसाच्या जाती नावानं ओळखल्या जात. त्यातलं एक नाव होतं ‘उमरावती’, व्यापाऱ्यांच्या तोंडी नुसतं ‘उमरा’. ज्यांनी वऱ्हाड नकाशावरही पाहिलं नव्हतं ते दलाल अमरावतीच्या नावानं रोज सौदे करत.

हे नाव रेल्वेच्याही आधीचं आहे. त्या काळी इथला कापूस बैलांच्या पाठीवर नागपूरमार्गे गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा आणि तिथून नावांनी कलकत्त्याला. १८४२मध्ये एकट्या एका व्यापाऱ्यानं एक लाख बैलांवर लादलेला कापूस कलकत्त्याच्या वाटेला लावल्याची आठवण ब्रिटिशकालीन गॅझेटिअरनं नोंदवून ठेवली आहे. एवढा पैसा जिथे फिरतो तिथे लुटारूही येतात. पेंढाऱ्यांपासून सावकार-व्यापाऱ्यांचं रक्षण व्हावं म्हणून निजामाच्या राजवटीत अमरावतीभोवती दगडी परकोट उभा राहिला. त्याचे दरवाजे आणि खिडक्या आजही जुन्या वस्तीत आहेत, आणि जवाहर गेट हे नाव तर रिक्षावाल्याला सांगायलाही पुरतं. गुंतवणुकीसाठी सुरक्षितता लागते, हे आजच्या गुंतवणूक परिषदांमधलं वाक्य इथे दोनशे वर्षांपूर्वी दगडात बांधलं गेलं.

१८५३मध्ये निजामानं कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडून येत होता. तो थांबला आणि मँचेस्टरच्या नजरा वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडल्या. भाव कधी नव्हे इतके चढले. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण खरी वाटावी असे ते दिवस होते. १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, पाठोपाठ हे फाटे आले. पुढे रॅली आणि व्होलकार्ट या युरोपीय कंपन्यांचे खरेदीदार वऱ्हाडच्या बाजारांत ठाण मांडून बसले.

याच गडबडीत वऱ्हाडनं देशाला एक महत्त्वाची व्यवस्था दिली. कास्तकार बंडी घेऊन बाजारात आला की तोवर अडत्या आणि दलाल यांच्या मर्जीवर असे. सौदा रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा, वजनात कडता कापला जायचा, वर धर्मादायाच्या नावानं आणखी काहीतरी. १८८६मध्ये कारंजा इथे देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ सुरू झाली, आणि १८९७मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. आज गावोगावच्या बाजार समित्यांत जो हर्रास होतो त्याचं मूळ इथे आहे. यात इंग्रजांची भूतदया नव्हती. चोख वजनाचा, भेसळ नसलेला माल मिळावा ही त्यांच्या गिरण्यांची गरज होती. पण बाजाराला नियम लागले की पैसा निर्धास्तपणे येतो, हा धडा वऱ्हाडनं फार लवकर घेतला.

मग एवढं सगळं असताना अमरावतीचं मँचेस्टर का झालं नाही?

दलदलीत पुरलेलं सोनं

उत्तर शोधायला दीडशे किलोमीटर पूर्वेला, नागपूरला जावं लागेल. १८७०च्या दशकात जमशेटजी टाटांनी ठरवलं की गिरणी मुंबईत काढायची नाही. कापूस पिकतो तिथे, कोळसा जवळ आणि कापड खपणारा मुलूख भोवती असेल अशी जागा हवी. त्यांनी नागपूरला तळ्याकाठची दलदलीची जमीन घेतली आणि भराव टाकायला सुरुवात केली. तिथल्या एका सावकारानं पैसे गुंतवायला नकार दिला. सोनं जमिनीत पुरणाऱ्या माणसाच्या मागे आपण जाणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. तिचा नफा पाहून त्याच सावकारानं पुढे कबूल केलं म्हणतात, की टाटांनी जमिनीत माती घातली होती आणि सोनं बाहेर काढलं होतं.

त्या सावकाराला हसणं सोपं आहे. पण त्याच्या जागी बसून पाहिलं तर त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. कापूस विकत घ्यायचा, भाव चढेपर्यंत दाबून ठेवायचा, मुंबईला पाठवायचा. पैसा चार-सहा महिन्यांत मोकळा. गिरणीत तो वर्षानुवर्षं अडकतो, यंत्रं मोडतात, कामगार संप करतात. वऱ्हाडात पैसा होता, पण तो फिरण्याच्या सवयीचा होता. तो जिनिंग-प्रेसिंगपर्यंत आला आणि बहुतेक तिथेच थांबला. जिनमध्ये सरकी वेगळी करायची, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधायच्या आणि गाडीत भरायच्या. हे काम दिवाळी ते होळी चालतं. होळीनंतर जिनाचं आवार ओस.

अगदीच गिरण्या निघाल्या नाहीत असं नाही. अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल, अचलपूरची विदर्भ मिल ही नावं वऱ्हाडातल्या जुन्या कामगारांच्या घरी अजून निघतात. पण एखाद-दुसऱ्या गिरणीनं धंद्याचं गाव तयार होत नाही. ते कसं होतं, हे पाहायला राज्याच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. इचलकरंजीच्या पंचक्रोशीत वऱ्हाडासारखी कापसाची शेती नाही. १९०४मध्ये विठ्ठलराव दातार यांनी जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठिंब्यानं तिथे पहिला यंत्रमाग बसवला. एकाचं पाहून दुसऱ्यानं बसवला. माग दुरुस्त करणारे मिस्त्री आले, सुताचे व्यापारी आले, सायझिंगवाले आले. सुटे भाग गावातच मिळू लागले. मागावर काम शिकलेला मुलगा दहा वर्षांनी स्वतःचे दोन माग टाकू लागला. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९०च्या ग्रंथात इंग्लंडमधल्या अशाच गावांबद्दल लिहिलं होतं: एकाच धंद्याची माणसं एका जागी दाटीनं राहिली की कसब कुणी मुद्दाम शिकवावं लागत नाही, पोरं ते येता-जाता उचलतात. कापूस वऱ्हाडचा आणि ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ इचलकरंजी, हे कोडं तिथे सुटतं.

एका क्विंटलचा हिशेब

आता थोडं गणित करू. एक क्विंटल कापूस घ्या. जिनमध्ये त्याचा उतारा साधारण ३४ टक्के पडतो, म्हणजे ३४ किलो रुई. उरलेली बहुतेक सरकी. तिचं तेल निघतं आणि ढेप जनावरांना जाते. सूत काढताना थोडी घट धरली तर हातात येतं २९ किलोंच्या आसपास सूत. मध्यम वजनाच्या कापडाचा पुरुषी शर्ट धरला तर ढोबळ हिशेबानं त्यातून ऐंशी शर्ट होतात.

२०२५-२६च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. तो पूर्ण मिळाला असं मानलं, सरकीचे पैसेही त्यातच धरले, तरी एका शर्टामागे कास्तकाराला शंभर रुपयांच्या आसपास पडतात. त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण आणि वेचणीची मजुरी जाते. दुकानात तो शर्ट सहाशेला मिळो की सोळाशेला, मधली सगळी रक्कम सूतगिरणी, विणकाम, रंगाई, शिवण, वाहतूक, ब्रँड आणि दुकान यांच्यात वाटली जाते. या साखळीत सर्वांत जास्त हात लागतात ते शिवणकामाला, आणि ते काम हंगामी नाही.

शहराच्या वाढीचं इंगित या हिशेबात आहे. शहरातून किती माल गेला यावर त्याची भरभराट ठरत नाही. तो तिथे असताना त्यावर किती हातांनी काम केलं यावर ठरते. गाठ बांधून गाडीत टाकली तर शहराला मिळते हमाली, दलाली आणि जिनाची मजुरी. तीच रुई शर्ट होऊन बाहेर पडली तर त्या ऐंशी शर्टांमागे मिस्त्री, डिझाइनर, हिशेबनीस, खानावळवाले, शिकवणीवाले, भाड्याच्या खोल्या असं सगळं गाव उभं राहतं.

जेन जेकब्ज या अमेरिकी-कॅनेडियन लेखिकेनं आपलं आयुष्य शहरं समजून घेण्यात घालवलं. त्यांच्या मते जे शहर आजवर बाहेरून आणलेल्या वस्तू स्वतः बनवू लागतं, ते झपाट्यानं वाढतं. याच्या उलट ज्या मुलखाचं सगळं चलनवलन दूरच्या बाजारांना कच्चा माल पुरवण्यावर चालतं, त्याला त्यांनी १९८४च्या पुस्तकात ‘पुरवठ्याचा मुलूख’ म्हटलं. दक्षिण अमेरिकेतला उरुग्वे हे त्यांचं उदाहरण. लोकर, मांस आणि कातडं विकून तो देश सधन झाला होता. १९५०च्या दशकात गिऱ्हाइकांनी दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केली आणि त्याच्या हाती दुसरं काही उरलं नाही.

वऱ्हाडच्या वाचकाला हे वाचताना उरुग्वे परका वाटणार नाही. १८९९-१९००च्या दुष्काळात कापसाच्या या श्रीमंत मुलखात माणसं उपाशी मेली, कारण ज्वारीच्या पुष्कळ जमिनीवर पऱ्हाटी उभी होती आणि कापूस खाता येत नाही. पुढे भाव पडण्याची भीती कमी करायला महाराष्ट्रानं १९७२मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली. तिनं काही काळ आधार दिला, पण कापसाचं कापड केलं नाही. २००२पासून बीटी बियाणं आलं, खर्च वाढला, पाणी मात्र आभाळाचंच राहिलं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हादरून २००६मध्ये पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कर्ज, व्याज, सिंचन यांवर त्यात भर होता. कापूस शहराच्या दारातून जसाच्या तसा बाहेर जातो, हे दुखणं त्याहून जुनं होतं.

नांदगाव पेठची तागडी

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्यानं निघालं की नांदगाव पेठ लागतं. इथल्या औद्योगिक वसाहतीत गेल्या पंधरा-वीस वर्षांत दोन वेगळ्या तऱ्हेची गुंतवणूक आली. ती शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे.

पहिली औष्णिक वीज प्रकल्पाची. प्रत्येकी २७० मेगावॅटचे पाच संच, एकूण १,३५० मेगावॅट. रकमेच्या दृष्टीनं हा आकडा डोळे दिपवणारा. पण वीज तारेतून राज्यभर जाते, कोळसा बाहेरून येतो आणि प्रकल्प चालवायला माणसं थोडी लागतात. शिवाय त्याला पाणी हवं असतं. मोर्शीजवळच्या सिंभोरा इथल्या अप्पर वर्धा धरणाचं पाणी शेताला की विजेला, यावरून शेतकऱ्यांनी मोठं आंदोलन केलं. तागडीत एका पारड्यात रुपये घातले तर प्रकल्प जड. दुसऱ्यात गावातले हात मोजले तर हलका.

दुसरी गुंतवणूक कापडाची. सूत, विणकाम, डेनिम, शर्टिंग असे कारखाने इथल्या टेक्स्टाइल पार्कात आले. त्यात एक मजा आहे. रेमंडनं इथे लिननचा कारखाना काढला. लिनन जवसाच्या जातीच्या झाडाच्या धाग्यापासून होतं, आणि त्याचा चांगला धागा येतो फ्रान्स-बेल्जियमच्या बाजूनं. म्हणजे ज्या गावाचा कापूस समुद्र ओलांडून मँचेस्टरला जात होता, तिथे आता युरोपचा धागा समुद्र ओलांडून विणायला येतो! कच्चा माल दाराशी असणं हा एकच फायदा नसतो. जमीन, वीज, सरकारी सवलत आणि काम शिकायला तयार माणसं असली की माल स्वतः चालत येतो. इचलकरंजीचा धडा शंभर वर्षांनी उशिरा का होईना, नांदगाव पेठेत पोचला.

२० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात अमरावतीच्या ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. देशात असे सात पार्क ठरले आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याचा हा एक, सुमारे हजार एकरांचा. शेतापासून धागा, धाग्यापासून कापड, कापडापासून तयार कपडा आणि तिथून परदेश, हे सगळं एका आवारात व्हावं ही कल्पना. वरच्या गणितातल्या ऐंशी शर्टांचं पुढचं सगळं काम गावातच करायचं, असा त्याचा साधा अर्थ.

अडचण येईल ती रंगाईत. सूत काढायला आणि विणायला वीज लागते, रंगवायला पाणी लागतं, आणि वापरलेलं रंगीत पाणी शुद्ध करून कुठेतरी सोडावं लागतं. पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा भाग खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरीचं पाणी ना पिकाला चालत ना माणसाला. धरणाच्या पाण्यावर शहराचा, शेताचा आणि विजेचा हक्क आधीच बसला आहे. पार्कचं भवितव्य उद्घाटनाच्या फितीपेक्षा सांडपाण्याच्या पाइपावर अधिक ठरेल.

याच रस्त्यावर बिझीलँडसारखी कापडाची मोठी ठोक संकुलं आहेत. विदर्भातले आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवरचे किरकोळ दुकानदार सणाआधी इथे गठ्ठे भरायला येतात. विक्रीचं हे कसब अमरावतीच्या अंगात मुरलेलं आहे. मात्र या दुकानांतला पुष्कळसा माल सुरत, मुंबई, अहमदाबाद, तिरुपूर इथून येतो. जेकब्जबाईंची कसोटी लावायची तर ती इथे लावावी. गिऱ्हाईक ठरलेलं, दुकान ठरलेलं, रस्ता ठरलेला. या गठ्ठ्यांपैकी किती नांदगाव पेठेतून येऊ लागले, ते दर दिवाळीला मोजावं.

रस्ता दोन्हीकडून चालतो

वाढीचा आणखी एक पुरावा म्हणून लोक रस्ते दाखवतात, आणि वऱ्हाडच्या रस्त्यानं तर विक्रमच केला. जून २०२२मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत अंथरली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याच वर्षाअखेर समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी भाग खुला झाला. ५ जून २०२५ला शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. तो अमरावती शहराला शिवत नाही, पण जिल्ह्यातून जातो. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईचं पहिलं प्रवासी विमान उडालं. तिथेच एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था आखली गेली: ३४ विमानं आणि वर्षाला १८० वैमानिक.

ही सगळी कामं हवीत. पण १८७१चे रूळ आठवा. त्या काळचा तो समृद्धी मार्गच होता. त्यानं कापसाला वेग दिला, आणि परतीच्या फेरीत मँचेस्टरचं स्वस्त कापड आणून इथल्या साळी-कोष्ट्यांचे माग बंद पाडायला मदत केली. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ही कापूस वाहायलाच एका ब्रिटिश कंपनीनं आणली होती, पुढे कापूस ट्रकनं जाऊ लागला आणि ती थकून थांबली. रस्ता कुणाच्या बाजूचा नसतो. टोकाला काही बनत असेल तर तो गिऱ्हाईक आणतो, काही बनत नसेल तर असलेलंही घेऊन जातो.

आज अमरावतीतून सर्वांत वेगानं बाहेर जाणारा माल गाठींच्या रूपात नाही. १९६४पासून इथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९८३पासून विद्यापीठ आहे, अकोल्यात १९६९पासून कृषी विद्यापीठ आहे. वऱ्हाडच्या गावागावांतली पोरं इथे येतात, खोली करून राहतात, शिकतात. पदवी हाती आली की पुण्याची वाट धरतात. आईबापांनी कापूस विकून भरलेल्या फीवर तयार झालेलं हे कसब कच्च्या मालासारखंच निर्यात होतं आणि त्यावरचं पुढचं मोल दुसऱ्या शहरात चढतं.

म्हणून शहराची वाढ मोजायला करारांचे आकडे पुरत नाहीत. करार कागदावर होतात. त्यातले किती जमिनीवर उतरले, हे वेगळं मोजावं लागतं. राजापेठेतल्या माणसाकडे याहून सोपं माप आहे. भाऊबीज झाली की पुण्याला परतणाऱ्या पोरांची झुंबड उडते आणि ट्रॅव्हल्सचं भाडं दुपटी-तिपटीवर जातं. ज्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी खिडकीची जागा ऐनवेळी, नेहमीच्या भाड्यात मिळेल, त्या वर्षी समजावं की गाठी इथेच सुटायला लागल्या आहेत.